मायक्रोवेव्ह चालतोय, पण गरम करत नाही: भाग बदलण्याआधी काय तपासायचं

आतला दिवा लागतो, काचेची ताटली फिरते, पंख्याचा आवाज येतो, वेळ संपली की बीप वाजतो. दार उघडून बघावं तर आमटी होती तशी गार. सांगली-मिरजेत दुरुस्तीला येणाऱ्या मायक्रोवेव्हमध्ये ही तक्रार सर्रास असते आणि सोबतचं वाक्यही ठरलेलं: "मॅग्नेट्रॉन गेलाय म्हणे." मॅग्नेट्रॉन म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी सोडणारा भाग. कधी तो खरंच गेलेला असतो. पण बऱ्याचदा दोष दाराच्या एका लहानशा स्विचमध्ये, सैल झालेल्या लगमध्ये (वायरीच्या टोकाच्या धातूच्या क्लिपमध्ये) नाहीतर घरातल्या व्होल्टेजमध्ये निघतो आणि तोवर महागाचा भाग बदलून झालेला असतो. म्हणून माझं सांगणं एकच आहे: मोजल्याशिवाय काहीही बदलू नका. बाहेरून सुरू करा, स्वस्त भागाकडून महाग भागाकडे जा.

या लेखाचा पहिला भाग घरातल्या कुणीही करावा असा आहे. दुसरा भाग फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना मल्टिमीटर हाताळायची सवय आहे. टीव्ही, मिक्सर, पंखा उघडणाऱ्या माणसालाही मायक्रोवेव्ह धडा शिकवू शकतो, कारण घरातल्या उपकरणांमध्ये इतकं उच्च व्होल्टेज आणि इतकी ताकद एकत्र दुसरीकडे सहसा नसते. हे घाबरवायला सांगत नाही. या वस्तूने चांगले जाणते मेकॅनिक दगावलेले आहेत.

आत काय चालतं ते आधी थोडक्यात बघू, म्हणजे पुढची तपासणी पाठ करावी लागणार नाही. दिवा, ताटली फिरवणारी मोटर आणि पंखा हे २३० व्होल्टवर चालतात. गरम करण्याची वाट वेगळी आहे. वीज दाराच्या स्विचांमधून आणि बोर्डावरच्या रिलेतून (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) ट्रान्सफॉर्मरला जाते. ट्रान्सफॉर्मर त्याचे साधारण २००० व्होल्ट करतो, शिवाय मॅग्नेट्रॉनच्या फिलामेंटसाठी ३ व्होल्टच्या थोडी वर देणारी वेगळी गुंडाळी त्यावर असते. कपॅसिटर आणि डायोड मिळून ते उच्च व्होल्टेज दुप्पट करतात आणि मॅग्नेट्रॉनला ४००० व्होल्टच्या आसपास डीसी मिळतो. त्यावर तो २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि अन्नातलं पाणी तापतं. ताटली फिरते म्हणून "मशीन चांगलं आहे" असं म्हणता येत नाही, ते एवढ्याचसाठी. ताटलीला या वाटेशी काही देणंघेणं नाही.

न उघडता करायची तपासणी

सगळ्यात आधी बिल शोधा. बऱ्याच कंपन्या मॅग्नेट्रॉनवर बाकी मशीनपेक्षा जास्त वर्षांची वॉरंटी देतात आणि ती चालू असताना स्क्रू काढला तर हक्क जातो. बिल सापडलं, वॉरंटी शिल्लक असली, तर पुढचं न वाचता कंपनीला फोन करा.

मग बटणं बघा. कन्व्हेक्शन मॉडेल असेल तर नुसतं "स्टार्ट" दाबल्यावर तो मायक्रो मोडमध्येच सुरू होतो असं नाही. ग्रिलवर असला तर वरची कॉइल तापते, कन्व्हेक्शनवर असला तर आतली हवा हळूहळू तापते. दोन्हींत २ मिनिटांत चहा गरम होणार नाही. पॉवर किती टक्क्यांवर आहे तेही बघा. डीफ्रॉस्टवर किंवा २०-३० टक्क्यांवर असेल तर मॅग्नेट्रॉन बराच वेळ बंदच असतो. काही मॉडेलमध्ये दुकानात मांडून ठेवण्यासाठी डेमो मोड असतो. त्यात सगळं हुबेहूब चालतं, फक्त उष्णता येत नाही. पोरांनी बटणांशी खेळताना तो लागलेला मी पाहिला आहे. त्यातून बाहेर कसं यायचं ते मशीनसोबतच्या पुस्तिकेत असतं. आणि स्टीलच्या डब्यात अन्न ठेवून "तापत नाही" म्हणू नका. धातू लहरी परतवतो, आतला पदार्थ गारच राहतो आणि ठिणग्या उडाल्या तर वेगळंच नुकसान.

आता पाण्याची चाचणी. ही एक गोष्ट प्रत्येकाने करावी, कारण ती "तापत नाही" आणि "कमी तापतं" यातला फरक दाखवते आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. १ लिटर पाणी काचेच्या किंवा मायक्रोवेव्हला चालणाऱ्या प्लास्टिकच्या भांड्यात घ्या. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तापमान लिहून ठेवा. पूर्ण पॉवरवर बरोबर १ मिनिट चालवा, पाणी ढवळा, परत तापमान घ्या. वाढलेल्या अंशांना ७० ने गुणलं की पाण्याला मिळालेली ताकद साधारण वॅटमध्ये कळते. पाणी २६ अंशांवरून ३६ वर गेलं तर १० गुणिले ७० म्हणजे ७०० वॅट, मशीन उत्तम आहे. ८०० वॅटच्या मशीनमध्ये ५ अंशच वाढले तर ३५० वॅट मिळतात, म्हणजे व्होल्टेज कमी आहे किंवा मॅग्नेट्रॉन थकला आहे. काहीच वाढलं नाही तर उच्च व्होल्टेजची वाट कुठेतरी तुटलेली आहे.

तिसरी गोष्ट व्होल्टेज. आपल्याकडे हे कारण फार वेळा निघतं आणि फार कमी लोक तपासतात. विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये सहसा अडचण येत नाही, पण तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडच्या वाड्यावस्त्यांवर शेतीपंप चालू असले की घरातल्या सॉकेटवर १८०-१९० व्होल्ट दिसलेले आहेत. "सकाळी तापतंय, संध्याकाळी नाही तापत" अशी तक्रार आली की आधी मीटर सॉकेटला लावायचा. मॅग्नेट्रॉन साध्या हिटरसारखा वागत नाही. व्होल्टेज थोडं उतरलं तरी त्याची ताकद बरीच उतरते आणि एका मर्यादेखाली तो लहरी सोडणंच थांबवतो. दिवा मात्र थोडा मंद का होईना जळतच असतो, त्यामुळे माणसाचा संशय व्होल्टेजवर जात नाही. मोजायचं ते मशीन चालू असताना. रिकाम्या सॉकेटवर २२५ दिसतात आणि मशीन सुरू केलं की १९५ होतात, असं असेल तर घरातली वायरिंग, सैल सॉकेट किंवा पातळ एक्स्टेन्शन बोर्ड दोषी आहे. ८०० वॅट देणारा मायक्रोवेव्ह आत १२०० वॅट किंवा त्याहून जास्त ओढतो. कन्व्हेक्शनवर काही मॉडेल २००० वॅटच्या वर जातात. त्याला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट हवा. लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर तो लावून बघू नका.

शेवटी कान लावा. गरम होणाऱ्या मशीनमध्ये स्टार्ट दाबल्यावर रिलेचा "टक्" असा आवाज येतो आणि क्षणभरात पंख्याच्या आवाजाखाली एक जाड घुमणारा आवाज सुरू होतो, आतला दिवा किंचित मंदावतो. हा घुमणारा आवाज येतच नसेल तर वीज ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचत नाही, म्हणजे दाराचे स्विच, थर्मल कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा भाग), रिले किंवा बोर्ड. आवाज नेहमीसारखा येतो पण पाणी गार, तर डायोड, हाय व्होल्टेज फ्यूज, मॅग्नेट्रॉन किंवा त्याच्या वायरी. आवाज नेहमीपेक्षा खूप मोठा, गुरगुरल्यासारखा आणि जोडीला करपल्याचा वास, तर डायोड, कपॅसिटर किंवा मॅग्नेट्रॉन शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी मशीन लगेच बंद करा आणि "परत एकदा बघू" म्हणून सुरू करू नका, कारण मग ट्रान्सफॉर्मरही जळतो.

एक करून बघण्यासारखं आहे. मशीन चालू असताना दार हाताने बाहेरून हलकं आत दाबा, नाहीतर किंचित वर उचलून धरा. तेवढ्याने घुमणारा आवाज सुरू झाला तर दोष जवळपास सापडलाच. दाराची बिजागरी खाली बसलेली असते किंवा हुक झिजलेला असतो, त्यामुळे स्विच पूर्ण दाबला जात नाही. रोजच्या वापरात दार आपटून लावणाऱ्या घरांत हे हमखास होतं. मात्र दार दाबून धरत वापर चालू ठेवू नका.

उघडण्याआधी

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर आणि डोळ्यांसमोर ठेवलेला हवा. हातातल्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. पायात रबरी चप्पल, जमीन कोरडी, आणि घरात दुसरं माणूस हवं. बाहेरचं पत्र्याचं कव्हर काढलं की आत एक चपटा, अंडाकृती, चकचकीत डबा दिसतो, तोच कपॅसिटर. त्यावर साधारण १ मायक्रोफॅरड आणि २१०० व्होल्ट असं छापलेलं असतं. प्लग काढल्यावरही त्यात भार शिल्लक राहू शकतो. भार हळूहळू उतरावा म्हणून त्याच्या आत १० मेगाओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो, पण तो तुटलेला असेल तर भार बराच काळ टिकून राहतो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

म्हणून कपॅसिटर प्रत्येक वेळी डिस्चार्ज करायचा. १० किलोओहम, १० वॅटच्या आसपासचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड प्रोबना जोडून त्याच्या दोन्ही टोकांवर काही सेकंद धरायचा, मग प्रत्येक टोक आणि मशीनचा पत्रा यांच्यातही. त्यानंतर चांगल्या मुठीच्या इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकं जोडून खात्री करायची. हे करताना एकच हात आत, दुसरा पाठीमागे. दोन्ही हात आत असले तर झटका छातीतून जातो. दर वेळी प्लग लावून काढला की परत डिस्चार्ज. "आत्ता तर केला होता" हे चालत नाही.

आणि दुसरा नियम, याला अपवाद नाही: उच्च व्होल्टेजच्या बाजूला चालू मशीनमध्ये मीटर लावायचा नाही. आपला मल्टिमीटर ६०० किंवा फार तर १००० व्होल्टचा असतो. ४००० व्होल्टला त्याच्या वायरीचं इन्सुलेशन तुमच्या हाताला वाचवणार नाही. मॅग्नेट्रॉन, डायोड, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर हे सगळं बंद मशीनमध्ये, वायरी सोडवून, फक्त ओहमवर तपासता येतं.

आत पहिल्यांदा काय बघायचं

मीटर बाजूला ठेवून टॉर्चने बघा. मॅग्नेट्रॉनला दोन वायरी लगने खोचलेल्या असतात. त्यातून फिलामेंटचा मोठा प्रवाह जातो, त्यामुळे लग सैल झाला की तो तापतो, काळा पडतो आणि शेवटी संपर्क सुटतो. पकडीने लग किंचित दाबून घट्ट बसवला की मशीन चालू होतं, असं कितीतरी वेळा घडतं. पण लग जळून निळा-काळा झाला असेल तर नवीन लावा. डायोडचं एक टोक स्क्रूने पत्र्याला बसवलेलं असतं, तो स्क्रू गंजलेला किंवा ढिला नाही ना ते बघा. बोर्डावर झुरळांची घाण, पालीचं अंडं, उंदराने कुरतडलेली वायर, हे आपल्या स्वयंपाकघरांत नवीन नाही. पंख्यावर तेलकट धुळीचा थर बसला असेल तर तो साफ करा. हवा न मिळाल्याने मॅग्नेट्रॉन तापतो आणि त्यावरचा थर्मल कटआउट वीज तोडतो. मशीन भिंतीला चिकटवून ठेवणं, वर टॉवेल-डबे रचणं यामुळेच मॅग्नेट्रॉनचं आयुष्य कमी होतं.

दाराचे स्विच

दाराच्या हुकांसमोर सहसा तीन मायक्रोस्विच असतात. दोन वीज पुढे देणारे, तिसरा पहारेकरी. पहिले दोन दार बंद केल्यावर जोडले जातात. तिसरा उलट, दार उघडल्यावर जोडला जातो. पहिले दोन चिकटून बसले आणि दार उघडं असतानाही वीज पुढे जाऊ लागली, तर हा तिसरा मुद्दाम शॉर्ट करून मुख्य फ्यूज उडवतो. त्यामुळे दार उघडताना फ्यूज उडाला असेल तर नुसता फ्यूज घालून मशीन परत देऊ नये. तिन्ही स्विच तपासून, शंका असेल ते बदलून मगच फ्यूज घालावा.

तपासताना स्विचच्या वायरी सोडवा, मीटर ओहमवर ठेवा, दार हळूहळू दहा-वीस वेळा उघड-बंद करा. नुसत्या बीपवर विश्वास ठेवू नका. संपर्क काळा पडलेला स्विचही बीप देतो, पण मीटर कधी अर्धा ओहम, कधी १५, कधी ४० दाखवतो. चांगला स्विच प्रत्येक वेळी १ ओहमच्या खाली आणि स्थिर राहतो. आकडा नाचला की स्विच बदला. तो स्वस्त आहे, फक्त अँपिअर आणि प्रकार आधीच्यासारखाच घ्या. बाहेरून सारखे दिसणारे दोन स्विच आतून उलटे असू शकतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. "स्विच डायरेक्ट करून देतो, चालेल" असं कुणी म्हटलं तर मशीन उचलून घरी आणा. डायरेक्ट केलेला मायक्रोवेव्ह दार उघडं असताना चालू राहू शकतो. त्या लहरी डोळ्यांना सगळ्यात आधी इजा करतात, कारण डोळ्याच्या भिंगात रक्तपुरवठा नसतो आणि तिथली उष्णता वाहून जात नाही. समोर उभं राहून वाटी काढणारं कोण असतं, याचा विचार करा.

वीज ट्रान्सफॉर्मरपर्यंत येते का?

ही तपासणी केली की अर्धी दुनिया एका झटक्यात बाजूला पडते. प्लग काढून, डिस्चार्ज करून ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूचे दोन लग काढा. त्या मोकळ्या वायरींना ६० किंवा १०० वॅटच्या साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प नीट जोडून टेप मारा. ट्रान्सफॉर्मर सुटलेला असल्याने आता उच्च व्होल्टेज तयार होणार नाही, पण २३० व्होल्ट जिवंत आहेतच, तेव्हा आत हात नको. आत पेलाभर पाणी, दार बंद, प्लग लावा, पूर्ण पॉवरवर स्टार्ट करा. बल्ब झगझगीत लागला तर स्विच, रिले, बोर्ड ठीक आणि दोष पुढे आहे. लागलाच नाही किंवा मिणमिणला तर मागे या: स्विच, थर्मल कटआउट, रिले. रिलेचा "टक्" ऐकू येतो पण बल्ब लागत नाही, तर रिलेचे संपर्क जळलेले असतात किंवा त्याच्या पायांचं सोल्डरिंग तडकलेलं असतं. बोर्ड फेकायची गरज नसते, रिले बदलता येतो.

उच्च व्होल्टेजचे भाग

परत प्लग काढा, परत डिस्चार्ज करा.

डायोडबाबत खूप जण फसतात. साध्या डिजिटल मीटरच्या डायोड रेंजवर तो दोन्ही बाजूंनी उघडा दिसतो आणि चांगला डायोड फेकला जातो. कारण त्याच्या आत अनेक डायोड ओळीने असतात आणि मीटरचं इवलंसं व्होल्टेज त्यांना ओलांडत नाही. त्यासाठी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या. डायोडचं एक टोक सोडवा. बॅटरीचा प्लस डायोडला, डायोडचं दुसरं टोक मीटरच्या लाल वायरीला, काळी वायर बॅटरीच्या मायनसला, मीटर डीसी २० व्होल्टवर. एका दिशेने काही व्होल्ट दिसले आणि डायोड उलटा केल्यावर शून्याच्या जवळ आले तर तो चांगला. दोन्ही दिशांनी पूर्ण ९ म्हणजे शॉर्ट, दोन्हींनी शून्य म्हणजे तुटलेला.

कपॅसिटरच्या वायरी सोडवून कपॅसिटन्स रेंजवर छापलेल्या आकड्याच्या जवळपास यायला हवं. कुठल्याही टोकापासून डब्याच्या पत्र्यापर्यंत काहीही दिसता कामा नये. हाय व्होल्टेज फ्यूज असेल तर तो प्लास्टिकच्या नळीत लपलेला असतो. त्याच्या जागी कुणी वायरीचा तुकडा लावलेला दिसला तर तो काढून टाका आणि योग्य फ्यूज लावा.

ट्रान्सफॉर्मरची २३० ची गुंडाळी काही ओहम, उच्च व्होल्टेजची गुंडाळी पत्र्यापर्यंत साधारण शंभरच्या आगेमागे ओहम, फिलामेंटची १ ओहमच्याही खाली. ट्रान्सफॉर्मर जाणं त्यामानाने कमी. गेला तर वासावरूनच कळतं.

मॅग्नेट्रॉन शेवटी. दोन टोकांमध्ये १ ओहमपेक्षा कमी, प्रत्येक टोकापासून बाहेरच्या पत्र्यापर्यंत पूर्ण उघडा. पत्र्याकडे थोडंही वाचन आलं तर मॅग्नेट्रॉन गेला. गोल काळ्या चुंबकांना तडा आहे का, वरच्या टोकाची टोपी वितळली आहे का, तेही बघा. पण लक्षात असू द्या, या चाचण्या पास झालेला मॅग्नेट्रॉनही थकलेला असू शकतो, कारण आपण त्याला ४००० व्होल्टवर तपासलेलं नाही. बाकी सगळं ठीक, सॉकेटवर व्होल्टेज ठीक आणि पाण्याच्या चाचणीत ताकद निम्म्याखाली, असं असेल तर मात्र मॅग्नेट्रॉन बदला. नवा घेताना जुना सोबत न्या: स्क्रूची भोकं, टोकांची दिशा, पंखांची दिशा जुळली पाहिजे. बसवताना टोकाभोवतीचा धातूच्या जाळीचा वॉशर विसरू नका, तो नसेल तर लहरी बाहेर गळतात आणि ठिणग्या पडतात. जुन्या मॅग्नेट्रॉनचा चिनीमातीचा भाग फोडून बघू नका, काहींमध्ये बेरिलियमचं ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

उचलल्यावर आकाराच्या मानाने हलका लागणारा आणि आत लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या जागी मोठा बोर्ड असणारा मायक्रोवेव्ह इन्व्हर्टर प्रकारचा असतो. तिथे वरचे आकडे लागू नाहीत. स्विच आणि मॅग्नेट्रॉन तपासा, त्यापुढे कंपनीच्या माणसाकडे द्या.

सगळं बसवून, कव्हर लावूनच मशीन चालू करा. परत १ लिटर पाण्याची चाचणी घ्या आणि आकडा मशीनच्या मागे मार्करने तारखेसह लिहून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडतो. दार वाकडं असेल, काचेमागची जाळी फाटली असेल तर ते आधी बदलून मगच वापर. दारापासून ५ सेंटिमीटर अंतरावर गळती चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटच्या आत हवी. ती मोजणारं उपकरण ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून एकदा तपासून घ्या.

पुरात बुडालेल्या मशीनबद्दल वेगळं सांगायला हवं. २००५, २०१९, २०२१ अशा तिन्ही वेळा कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं. नंतर अनेकांनी मायक्रोवेव्ह उन्हात वाळवून लावून बघितले. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांत गेलेला गाळ उन्हाने निघत नाही आणि ओलं इन्सुलेशन ४००० व्होल्टला टिकत नाही. काही दिवस चाललेलं असं मशीनही पुढे पत्रा जिवंत करू शकतं. ते भंगारात द्या.

स्वतः उघडायचं नसेल तर मेकॅनिककडे जाताना पाण्याच्या चाचणीचा आकडा, चालू मशीनवरचं सॉकेटचं व्होल्टेज आणि घुमणारा आवाज येतो की नाही, एवढ्या तीन गोष्टी कागदावर घेऊन जा. "मॅग्नेट्रॉन बदलायचा" असं तो म्हणाला तर विचारा, "दादा, दाराचे स्विच आणि डायोड बघितले का? मीटरवर काय आलं?" नीट काम करणारा माणूस या प्रश्नाने रागावत नाही, तो मीटर तुमच्यासमोर धरतो. आणि बदललेला जुना भाग मागून घ्या.